अभ्यासिका झाली, वाचनालयाचं काय?

गेल्या भीमजयंतीच्या आठवड्यात एका वस्तीत अभ्यासिकेच्या उद्घाटनाला गेलो होतो. कार्यकर्त्यांनी घाम गाळून उभी केलेली खोली. वातानुकूलित, चाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला कप्पा, भिंतीवर घड्याळ. काचेच्या कपाटात बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासनानं छापलेले खंड, कपाटाला कुलूप. बाकी फळ्यांवर राज्यसेवा, तलाठी भरती आणि पोलीस भरतीची गाईडं. भाषणं झाली, पेढे वाटले गेले.

दारात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती, कडेवर धाकटा भाऊ. ती बाहेरच्या बॅनरवरची अक्षरं बोट फिरवत मोठ्यानं लावत होती. एक कार्यकर्ता आला आणि प्रेमानंच म्हणाला, "बाळा, तिकडं खेळ. इथं दादालोकांचा अभ्यास चालणार आहे."

ती खेळायला आलीच नव्हती, वाचत होती. आणि बाबासाहेबांच्या नावाच्या खोलीच्या दारातून तिला आपण परत पाठवलं.

हा लेख त्या कार्यकर्त्यावर नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आजवर केलंही आहे. हा लेख आपल्या सगळ्यांच्या एका गैरसमजावर आहे. अभ्यासिका उघडली म्हणजे वाचनालय उघडलं, असं आपण धरून चाललो आहोत.

अभ्यासिकेला विरोध नाही

आधी हे स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की हा पोरांच्या भरतीच्या आड येतोय. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथं पोरानं अभ्यास कुठं करायचा? खासगी अभ्यासिकेची महिन्याची फी मजुराच्या घराला परवडत नाही. म्हणून वस्तीत अभ्यासिका हवीच, आणि ती रात्रभर उघडी हवी.

पण त्या खोलीत येतो कोण? अठरा ते तीसमधला तरुण, त्यातही परीक्षा देणारा. तीन वर्षांच्या पोरापासून दहावीच्या पोरीपर्यंत कुणालाच तिथं जागा नाही. त्यांच्या आईला नाही, आजीलाही नाही. आणि परीक्षा देणाराही तिथं पुस्तक वाचायला बसत नाही, प्रश्नसंच सोडवायला बसतो. जागा निघतात शेकड्यात, अर्ज येतात लाखात. जो निवडला जात नाही, तो वयाची मर्यादा संपल्यावर त्या खोलीतून बाहेर पडतो आणि पुस्तक या वस्तूशी त्याचा संबंध तिथंच संपतो. पुस्तक म्हणजे ज्यानं आपल्याला हरवलं ते, एवढीच आठवण राहते.

वाचक बाविसाव्या वर्षी गाईडावर तयार होत नाही. तो पाचव्या-सहाव्या वर्षी कुणाच्या तरी मांडीवर बसून गोष्ट ऐकताना तयार होतो. सवर्ण मध्यमवर्गाच्या घरात हे काम घरच करतं. तिथं आजोबांचं कपाट असतं, वाढदिवसाला पुस्तक येतं, झोपताना गोष्ट वाचली जाते. ज्या घरात पहिली पिढी शिकते आहे तिथं हे काम सार्वजनिक ग्रंथालयानं करायचं असतं. ते ग्रंथालय केलं नाही, तर शर्यत बालवाडीतच हरलेली असते. अठराव्या वर्षी खुर्ची आणि एसी देऊन ती भरून निघत नाही.

बागेतला भीमराव

बाबासाहेबांचं चरित्र आपण पाठ केलं आहे, पण त्यातली एक गोष्ट नीट वाचत नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदारांचं कुटुंब राहत होतं. भीमरावांना पुस्तकं हवीत म्हणून सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने पैसे, प्रसंगी त्यांचे दागिने मागून आणत. घरात वाचायला जागा नव्हती म्हणून शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. गुरुजींनी चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्यांच्या हाती ठेवलं. त्या एका पुस्तकातून १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत वाट गेली.

यात परीक्षेचं पुस्तक कोणतं होतं? एकही नाही. तिथं वाचण्यासाठी धडपडणारा एक मुलगा होता, पोटाला चिमटा घेऊन पुस्तक आणणारा बाप होता आणि त्या मुलाच्या वाचनाची दखल घेणारा एक मोठा माणूस होता. मूल, कुटुंब आणि वाचनाला साथ देणारं माणूस या तिघांना एका छताखाली आणणं हेच बालवाचनालयाचं काम. भीमरावांना केळुसकर गुरुजी योगायोगानं भेटले. प्रत्येक वस्तीतल्या पोरानं तशा योगायोगाची वाट बघत बसायचं का?

आणखी एक पान बघा. जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत शिक्षणाच्या प्रसारासाठी वसतिगृहं काढणं हे एक कलम आहे. वाचनालयं, समाजकेंद्रं, अभ्यासवर्ग काढणं हे त्यापुढचं वेगळं कलम आहे, आणि ते संस्कृतीच्या प्रसारासाठी आहे. हा फरक बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी केला. पदवीसाठी वसतिगृह, माणूस घडण्यासाठी वाचनालय. आपण दोन्ही कलमं एकत्र केली आणि दुसरं गमावून बसलो.

मुक्ता साळवे तर बाबासाहेबांच्याही आधीची. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग समाजाची मुलगी. जेमतेम चौदा वर्षांची असताना लिहिलेला तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बक्षीस समारंभात साहेबानं खाऊ दिला तेव्हा तिनं खाऊ नको, ग्रंथालय द्या म्हणून सांगितलं, अशी आठवण आपल्याकडे सांगितली जाते. भाषणात आपण ती सांगतो, टाळ्या घेतो. पण मुलीनं मागितलेलं ते ग्रंथालय अजून तिच्या वयाच्या मुलीला मिळालेलं नाही. उलट खाऊचं वाटप मात्र जोरात आहे.

एक दिवसाचं वाचन

दर जयंतीला आपण सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम घेतो. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, म्हणून आपणही एक दिवस अठरा तास बसायचं. भावना चांगली आहे. पण बाबासाहेब तो अभ्यास रोज करत होते. वर्षातून एक दिवस अठरा तास बसण्यापेक्षा वर्षभर रोज अर्धा तास वाचलं तर ते दहापटीहून जास्त होतं. हिशेब करून बघा.

शासनाचंही तसंच. २०१५ पासून अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी शाळेतली पुस्तकं कपाटातून बाहेर येतात, मुलांच्या हातात दिली जातात, फोटो निघतात, अहवाल वर जातो. दुसऱ्या दिवशी कपाट बंद. ज्या मुलाला त्या दिवशी अर्धी गोष्ट आवडली, त्यानं उरलेली अर्धी कुठं वाचायची?

गावातलं ग्रंथालय कुणाचं?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो ग्रंथालयं शासनाचं अनुदान घेतात. हा पैसा जनतेचा, म्हणजे आपलाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर लावला. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. सगळं शासनाच्या अनुदानावर, आणि ते वेळेवर येत नाही अशी ओरड कायमची. खेड्यातल्या ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला जे मानधन मिळतं त्यात त्याचं स्वतःचं घर चालत नाही. तो मुलांसाठी गोष्टींचा तास कुठून घेणार? त्याच्याशी आपलं भांडण नाही.

भांडण व्यवस्थेशी आहे. ग्रंथालय बहुतेक गावांत गावठाणात, पेठेत, वाड्यात असतं. वस्ती गावकुसाबाहेर. मुलं शाळेत असतात, आयाबाया कामावर असतात, त्याच वेळात ते उघडं. सभासद व्हायला वर्गणी आणि अनामत. समितीवर कोण, ते नावं वाचली की कळतं. बालविभाग असलाच तर एक कपाट. वस्तीतल्या पोराला कुणी "येऊ नको" म्हणत नाही, तशी गरजच पडत नाही. ते पोर तिकडं फिरकतच नाही.

चवदार तळ्याचा इतिहास आठवा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं सर्वांचं होतं. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, तेव्हा ते हक्काचं झालं. कागदावर आज ग्रंथालयही सर्वांचंच आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी हा धडा ग्रंथालयाच्या दारातच गिरवला. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात ऑगस्ट १९३९ मध्ये पाच काळे तरुण गोऱ्यांसाठीच असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले. सभासदत्व मागितलं, नाकारलं गेलं. मग प्रत्येकानं एकेक पुस्तक घेतलं आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून शांतपणे वाचायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. शहरानं काय केलं? पुढच्याच वर्षी काळ्यांसाठी वेगळं, छोटं ग्रंथालय बांधून दिलं. या सत्याग्रहाची आखणी करणारे वकील सॅम्युअल टकर यांनी त्या वेगळ्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्यायला नकार दिला.

मित्रांनो, इथं थांबून विचार करा. वस्तीत निधीतून एक खोली बांधून दिली, चाळीस खुर्च्या टाकल्या, की गावातल्या अनुदानित ग्रंथालयावरचा आपला हक्क संपला, असं कुणी ठरवलं? ती खोली आपली आहेच, आणि गावातलं ग्रंथालयही आपलंच आहे. एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

त्याच देशातली आणखी एक गोष्ट. १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या लेक सिटी गावात रोनाल्ड मॅक्नेअर नावाचा नऊ वर्षांचा काळा मुलगा ग्रंथालयात विज्ञानाची पुस्तकं घ्यायला गेला. ग्रंथपालबाईंनी पुस्तकं द्यायला नकार दिला आणि पोलीस बोलावले. तो टेबलावर चढून बसला, हलला नाही. आई आली, पोलीस आले आणि शेवटी पुस्तकं त्याला मिळाली. तो मोठा होऊन भौतिकशास्त्रज्ञ झाला, अंतराळात गेला. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत त्याचा मृत्यू झाला. त्या ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीला आज त्याचं नाव आहे. आपल्या दारातून परत गेलेल्या त्या मुलीची मला ही गोष्ट वाचताना आठवण येते. आपण पोलीस बोलावले नाहीत, एवढाच फरक.

"मुलं वाचतच नाहीत"

हे वाक्य दर बैठकीत ऐकू येतं. मोबाईल सोडत नाहीत म्हणे. मी विचारतो, त्यांना वाचायला दिलंय काय? मराठी बालसाहित्यातली बहुतेक घरं कुणाची आहेत ते बघा. अंगण, तुळस, शेंडीवाले आजोबा, सुट्टीतला कोकण. त्यात पत्र्याची खोली नाही, ऊसतोडीला गेलेले आईबाप नाहीत, विहार नाही, निळा झेंडा नाही. मूल पुस्तकात स्वतःला शोधतं, सापडत नाही, मिटवून ठेवतं. याला आपण वाचनाची नावड म्हणतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच न्यूयॉर्कची हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत १९३७ मध्ये ऑगस्टा बेकर या काळ्या ग्रंथपाल मुलांच्या विभागात रुजू झाल्या. फळ्यांवरच्या पुस्तकांत काळी माणसं एक तर नव्हती, किंवा विदूषक म्हणून होती. बाईंनी तक्रार करून सोडलं नाही. काळ्या माणसाला माणूस म्हणून दाखवणारी पुस्तकं एकेक करून शोधली, त्यांचा वेगळा संग्रह केला, यादी छापली आणि मुलांना बसवून गोष्टी सांगितल्या. त्याच ग्रंथालयाच्या शाखांत त्यांच्याही आधी प्यूरा बेल्प्रे या पोर्तो रिकोच्या बाईंनी आपल्या लोकांच्या मुलांना त्यांच्या स्पॅनिश भाषेत गोष्टी सांगायला सुरुवात केली होती. हे काम सरकारच्या आदेशानं झालं नाही. वस्तीतल्या माणसाला ग्रंथालयात खुर्ची मिळाली, म्हणून झालं.

आपल्याकडे हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेनं दलित, मुस्लिम, कष्टकरी घरांतल्या बालपणाच्या गोष्टींची 'डिफरंट टेल्स' ही मालिका तेलुगू, मल्याळम, इंग्रजीत काढली. मराठीत तसं किती आहे? ज्या भाषेत 'बलुतं' लिहिलं गेलं, 'जिणं आमुचं' लिहिलं गेलं, 'फकिरा' लिहिली गेली, त्या भाषेत दलित लेखकांनी मोठ्यांसाठी डोंगर उभा केला आणि सात वर्षांच्या मुलासाठी चार पुस्तकं सांगा म्हटलं तर आपण डोकं खाजवतो. हा प्रश्न प्रस्थापितांना विचारायचा नाही. हा आपल्या लेखकांना, कवींना, चित्रकारांना विचारायचा आहे.

आणि तेरा ते सतरा वयाची मुलं? ती बालविभागाला मोठी, अभ्यासिकेला लहान. याच वयात वर्गात आडनावावरून पहिला टोमणा बसतो, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव पुकारलं की मान खाली जाते. याच वयात 'अक्करमाशी' किंवा 'आयदान' हातात पडलं तर ती मान वर येते. ते पुस्तक त्याच्या हातात देणारा माणूस आज वस्तीत कोण आहे?

वर्षावास आपला, मग मुलं कुठं?

काही जण म्हणतील, कुटुंबानं मिळून वाचायचं ही परदेशी कल्पना. मग आपण वर्षावासात काय करतो? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं रोज वाचन होतं. दिवसभर राबून आलेल्या बाया पांढरी साडी नेसून येतात. अक्षरओळख नसलेल्या आजी ऐकून ऐकून ग्रंथातले प्रसंग सांगू शकतात. कसलीही फी, अनामत, परीक्षा नाही. सलग तीन महिने अख्खी वस्ती एक पुस्तक वाचते. असा कौटुंबिक वाचनाचा कार्यक्रम आपल्या समाजाकडे कधीपासूनच आहे.

पण त्यात मुलं काय करतात? आईच्या मांडीवर झोपतात किंवा बाहेर पळापळी करतात, आणि आवाज झाला की आपण डोळे वटारतो. त्याच विहारात, त्याच संध्याकाळी, पहिली तीस मिनिटं मुलांना दिली तर? एखाद्या ताईनं चित्रं दाखवत गोष्ट वाचली, नंतर आजीनं तिच्या वऱ्हाडीत, तिच्या मराठवाडी बोलीत एक गोष्ट सांगितली, मग ग्रंथवाचन. खर्च शून्य. फक्त मुलांना श्रोते म्हणून मान द्यायचा आहे.

करायचं काय

पहिलं, अभ्यासिकेत किंवा विहारात एक कोपरा मुलांचा. सतरंजी, उघडी फळी, मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. कुलूप नाही. मुलांची चांगली चित्रपुस्तकं आजही पन्नास-शंभर रुपयांत मिळतात. मिरवणुकीच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च काढा आणि भागाकार करा.

दुसरं, दर रविवारी ठरलेल्या वेळी दोन तास. मोठ्यानं वाचायचं, गोष्ट सांगायची, पुस्तक घरी न्यायला द्यायचं. प्रश्नमंजूषा नको, पाठांतर नको, बक्षीस नको, भाषण तर अजिबात नको. पुस्तक फाटलं, हरवलं तर हरवू द्या. कोरं राहिलेलं पुस्तक हे जास्त मोठं नुकसान.

तिसरं, अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येक दादा-ताईनं आठवड्यातला एक तास या कोपऱ्याला द्यायचा. समाजानं तुम्हाला खुर्ची दिली, तिचं भाडं एवढंच. किशोरांचा वेगळा गट करा, त्यांना वाचू द्या, वाद घालू द्या, तुमच्याशीही.

चौथं, दहा मुलं आणि त्यांच्या आया घेऊन गावातल्या अनुदानित ग्रंथालयात जा, सभासद व्हा. बालविभाग किती वाजता उघडतो, गेल्या वर्षी मुलांची किती पुस्तकं घेतली, वस्तीतले किती सभासद आहेत, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. उत्तर घेऊन जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे जा. मुलांच्या विभागासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची साहाय्य योजना आहे, तिचा प्रस्ताव का गेला नाही, तेही विचारा.

पाचवं, वस्तीविकासाच्या निधीतून बांधलेली आणि लग्नाची भांडी ठेवायला वापरली जाणारी कुलूपबंद समाजमंदिरं उघडायला लावा. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, संध्याकाळी तिथं मुलांचं वाचनालय चालू द्या. आणि ग्रंथालयासाठी कायद्यानं बांधलेला हक्काचा निधी ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात यायला हवी. आरक्षण आणि शिष्यवृत्तीइतकंच हे महत्त्वाचं आहे, कारण त्या दोन्हींपर्यंत पोहोचायची पायवाट इथून सुरू होते.

राजगृह बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलं. आपण त्यांच्या नावानं खोल्या बांधल्या आणि त्यांत पुस्तकांना कुलूप लावलं. त्या वस्तीतल्या कार्यकर्त्याला मी आता फोन करणार आहे. ती मुलगी कोणत्या घरातली, ते त्याला शोधायला सांगणार आहे. येत्या रविवारी पहिली सतरंजी तिच्यासाठी टाकायची आहे. कडेवरच्या भावालाही घेऊन ये, म्हणावं.

तुमच्या दारातून कोण परत गेलं, ते तुम्ही आठवा.

जयभीम!